नातवाचें आयरिश नांव

(नभोवाणीवरील भाषण)



'नांव ठेवणें' या शब्दप्रयोगाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ होतात. आपण बाळाला नांव ठेवतों आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना नांवें ठेवतों. पहिलें काम जन्मांत फार थोड्या वेळां वाट्याला येतें; दुसरें आपण रोज हौसेनें करीत असतों. गेल्या वर्षीं या दोन्ही कामांची माझ्या हातून मोठी गफलत होतां होतां राहिली. तिची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे. मी कांहीं भाषाशास्त्रज्ञ नव्हें. अकरावीची जुनी मॅट्रिक झालेला आणि छत्तीस वर्षें शाळेंत हजेरी घेतलेला एक सेवानिवृत्त मास्तर आहें. परंतु हजेरी घेणें म्हणजे दुसऱ्यांनीं ठेवलेलीं नांवें रोज मोठ्यानें उच्चारणें. म्हणून या विषयावर दोन शब्द बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असें मी समजतों.

माझी कन्या आयर्लंडच्या पश्चिम भागांत लिमरिक शहरीं एका रुग्णालयांत नोकरीस आहे. आमचे जावईबापू आयरिश. शॅनन नदी जेथें समुद्राला मिळते त्या क्लेअर परगण्यांतील किलरश गांवचे. गेल्या वर्षीं मुलीला दिवस गेले आणि सातव्या महिन्यांत तिचें पत्र आलें. मुलगा आहे, हें तिकडील रीतीप्रमाणें त्यांना आधींच समजलें होतें. तिनें लिहिलें होतें, "बाबा, आडनांव वडिलांकडचें म्हणजे आयरिशच राहणार. तेव्हां पहिलें नांवहि त्याच मातींतलें असावें, पण चारचौघांसारखें नसावें, असें आम्हां दोघांच्या मनांत आहे. पांच नांवें खालीं लिहिलीं आहेत. त्यांतलें एक तुम्ही आणि आई मिळून निवडा."

खरें सांगतों, पत्र वाचून मी थोडा खट्टू झालों. पहिल्या नातवाला घरांतल्या वडीलधाऱ्याचें नांव द्यावें, ही आमच्याकडील चाल. आणि माझ्या वडिलांचें नांव मीं मनांत केव्हांच योजून ठेवलें होतें. मागाहून समजलें कीं आयर्लंडांतहि अगदीं अशीच जुनी चाल आहे. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचें नांव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचें. म्हणजे चाल पाळावयाची म्हटली असती तरी पहिला मान व्याह्यांचाच होता! रुसण्याला कांहीं आधारच उरला नाहीं.

तेवढ्यांत मीं नांवांची यादी वाचावयास घेतली, आणि आमच्या सौभाग्यवतींना ती मोठ्यानें वाचून दाखविली. नांवें इंग्रजी लिपींत होतीं. मीं वाचलें: ताधग, ओइसिन, फियाच्रा, दैथी आणि सेनन. पहिलीं चार भातांतल्या खड्यांसारखीं दातांखालीं आलीं. मी हंसलों आणि म्हणालों, "हीं काय माणसांचीं नांवें आहेत? हजेरी घेतांना मास्तराची कवळी पडेल!"

रात्रीं मुलीचा दूरध्वनी आला. मीं तिला यादी वाचून दाखवूं लागलों तों ती इकडे हंसे तिकडे हंसे. म्हणाली, "बाबा, पांचांपैकीं चार चुकलां. पहिलें 'ताइग', दुसरें 'ओशीन', तिसरें 'फीअक्रा', चौथें 'दाही'. फक्त शेवटचें बरोबर." आमच्या सौभाग्यवतींना इंग्रजी लिहितां वाचतां येत नाहीं. त्यांनीं पांचहि नांवें एकदां ऐकलीं, जशीच्या तशीं उच्चारून दाखविलीं आणि पंचांगाच्या कोऱ्या पानावर देवनागरींत टिपून घेतलीं. माझी मॅट्रिक त्या रात्रीं नापास झाली.

असें कां झालें, याचा मीं पुढें थोडा शोध केला. आयरिश भाषा रोमन लिपींत लिहितात हें खरें. पण त्या अक्षरांना इंग्रजीचे कायदे लागू नाहींत, तिचे स्वतःचे आहेत. व्यंजनापुढें 'एच्' हें अक्षर आलें कीं त्या व्यंजनाचा उच्चार बदलतो. 'बी'पुढें किंवा 'एम्'पुढें तें आलें तर बहुधा आपला 'व' होतो, 'टी'पुढें आलें तर नुसता 'ह' राहतो. म्हणून मी ज्याला 'दैथी' म्हणालों तें 'दाही'. स्वरावर एक तिरपी रेघ देतात, तिला 'फादा' म्हणजे 'लांब' असें म्हणतात. आपण ऱ्हस्व इकाराची वेलांटी दीर्घ करतों, तसेंच तिचें काम. ती गाळली तर नुसतें शुद्धलेखन चुकतें असें नव्हे, अर्थच पालटतो. 'शॉन' हें तेथील सुप्रसिद्ध नांव रेघेवांचून लिहिलें तर त्या अक्षरांचा आयरिश भाषेंत अर्थ होतो 'म्हातारा'. आणखी एक गंमत अशी कीं आयरिश भाषेंतील 'त' आणि 'द' पुष्कळदां जीभ दातांना लावून म्हणतात, आपल्यासारखे. इंग्रज मनुष्य 'टाइग' म्हणेल, पण आमच्या घरांतलें 'ताइग' हेंच मुळाला अधिक जवळचें. देवनागरींत ऐकलें तसें लिहावें आणि लिहिलें तसें वाचावें. मीं मात्र इंग्रजीच्या दारानें आंत शिरावयास गेलों आणि चौकटीवर कपाळ आपटून घेतलें.

कपाळावर हात फिरवीत बसलों असतां मला एकाएकीं एका मुलाची आठवण झाली.

माझ्या नोकरीचें तें पहिलें वर्ष. लहानसें गांव, वय बावीस, अंगांत नवा मास्तर संचारलेला. हजेरीपटावर एक नांव होतें, केरू. मीं तें पुकारलें आणि वर विचारलें, "काय रे, आज घरांतला केर काढलास कीं नाहीं?" सगळा वर्ग हंसला. तो मुलगा हंसला नाहीं. तो पाटीकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेच्या ओट्याशीं येऊन उभी राहिली. मला वाटलें, भांडावयास आली असेल. ती भांडली नाहीं. "मास्तर," ती म्हणाली, "त्याच्या आधींचीं तीन गेलीं. म्हणून हा झाला तेव्हां केरावर ठेवला आणि केरांतून उचलला. टाकलेला आहे असें वाटून काळाची नजर जाऊं नये, एवढ्यासाठीं." येवढें बोलून ती कामावर निघून गेली. धोंडू, दगडू, केरू हीं नांवें आपल्याकडे कां ठेवीत, हें मला पुस्तकांतून ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण नांवाच्या मागें एक आई उभी असते, हें मला त्या दिवशीं कळलें. पुढें हजेरींतल्या कोणत्याहि नांवावर मीं विनोद केला नाहीं. आणि आतां, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, आपल्याच नातवाच्या नांवावर मीं तोच विनोद करून बसलों होतों.

म्हणून ठरविलें, प्रत्येक नांवाच्या मागें कोण उभें आहे तें आधीं पाहावयाचें आणि मग निवडावयाचें.

पाहूं लागलों तों एका देशाचा इतिहासच समोर आला. १४६५ सालीं इंग्रज राजवटीनें डब्लिनच्या आसपासच्या आपल्या मुलखांतील आयरिश लोकांसाठीं कायदा केला कीं त्यांनीं इंग्रजी वळणाचीं आडनांवें घ्यावीं: एकाद्या गांवावरून, रंगावरून किंवा सुतार-लोहारासारख्या धंद्यावरून. पुढें शतकें लोटलीं, आयरिश भाषा मागें पडत गेली, आणि सरकारदप्तरांत व चर्चच्या वह्यांत पहिलीं नांवेंहि बदललीं. ताइग होता त्याचा टिमोथी झाला, डीरमिडचा जेरेमाया झाला, डोनलचा डॅनिएल झाला. टिमोथी हें ग्रीक नांव. ताइगचा आणि त्याचा अर्थानें अगर कुळानें कांहींएक संबंध नाहीं. लिहिणाऱ्या कारकुनाला सोपें, एवढाच संबंध.

१८९३ सालीं भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीं गेलिक लीग स्थापन झाली, आणि वारें फिरूं लागलें. त्या काळांतील एक खटला मला फार बोलका वाटला. मालकाचें नांव गाडीवर सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें असावें असा तेव्हां नियम होता. डॉनेगाल परगण्यांतील नीअल माक् गिला व्रीद या कवीनें आपलें नांव गाडीवर आयरिश लिपींत लिहिलें, म्हणून त्याला दंड झाला. त्याच्या बाजूनें १९०५ सालीं डब्लिनच्या वरिष्ठ न्यायालयांत पॅट्रिक पिअर्स हा तरुण बॅरिस्टर उभा राहिला. खटला तो हरला. हाच पिअर्स पुढें १९१६ च्या उठावाच्या अग्रभागीं होता आणि त्यासाठीं त्याला गोळी घालून मारण्यांत आलें. त्याच १९१६ सालीं आपल्याकडे लोकमान्यांनीं जी होमरूल लीग काढली, तिचें नांवहि आयर्लंडच्या चळवळीवरूनच घेतलेलें. गाडीच्या फळीवरचें एक नांव, पण स्वतःच्या अक्षरांत लिहावयास मिळावें म्हणून मनुष्य न्यायालयापर्यंत जातो. माझी मुलगी ज्या स्पेलिंगनें तीं नांवें लिहीत होती, त्या स्पेलिंगला अशी किंमत पडलेली आहे, हें मला ठाऊक नव्हतें.

हा प्रकार आयर्लंडपुरताच आहे असेंहि नाहीं. खुद्द इंग्लंडांत १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं राज्य जिंकल्यावर दीडदोन शतकांत जुनीं इंग्रजी नांवें जवळजवळ नाहींशीं झालीं. लेओफ्रिक, वुल्फस्टन गेले. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड आले. एडवर्ड हें जुनें नांव टिकलें, तें त्या नांवाचा एक राजा संतपदाला पोंचला आणि तिसऱ्या हेन्रीनें १२३९ सालीं जन्मलेल्या आपल्या मुलाला तें दिलें म्हणून. वेल्समध्यें एम्रिस हें नांव आहे. तें 'अँब्रोझ' या नांवाचें वेल्श रूप. अँब्रोझ हा ग्रीक 'अमर' या अर्थाच्या शब्दावरून आलेला, आणि तो शब्द व आपला 'अमृत' हीं एकाच मुळाचीं पोरें. म्हणजे वेल्समधला एम्रिस आणि आपल्या आळींतला अमृत हे दूरचे चुलतभाऊ होत. स्कॉटलंडमधील हेमिश या नांवाची गोष्ट तर आम्हां मास्तरांना विशेष आवडावी अशी आहे. मूळ नांव शेमस, म्हणजे जेम्स. तेथील गेलिक भाषेंत आपल्यासारखी संबोधन विभक्ति आहे. आपण 'गोविंद' याला हांक मारतांना 'गोविंदा' म्हणतों, तसें ते शेमसला हांक मारतांना 'ए हेमिश' असें कांहींसें म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्यांनीं ती हांकच ऐकली आणि तेंच नांव समजून ठेवलें. नांव हें लिहिण्याआधीं हांकेंत जन्मतें, याला याहून चांगला पुरावा मला तरी मिळालेला नाहीं.

यावरून मीं एक गोष्ट ठरविली. विरळा नांव दोन प्रकारचें असतें. एक, पूर्वीं नांदून गेलेलें आणि मध्यंतरीं विसरलेलें. दुसरें, निव्वळ निराळेपणासाठीं नवें घडविलेलें. आयर्लंडांत २००७ पासून पुढें पुष्कळ वर्षें मुलग्यांच्या नांवांत जॅक हेंच पहिल्या क्रमांकावर राहिलें. जावईबापू म्हणतात, खेळाच्या मैदानावर जॅक म्हणून हांक मारली तर पांच मुलें वळून पाहतात. आमच्या वर्गांत एके काळीं संजय म्हटल्यावर चौघे उभे राहत, तसेंच तें. तेव्हां गर्दीपासून मूल वेगळें ओळखूं यावें, ही इच्छा वावगी नाहीं. परंतु त्यासाठीं जॅकच्या स्पेलिंगमध्यें दोन अक्षरें उगाच कोंबणें हा उपाय नव्हे. ज्याच्या मागें कोणीतरी उभें आहे असें जुनें नांव शोधावें. तें आपोआप वेगळें असतें.

आतां पांच नांवांचा विचार आमच्या घरीं कसा झाला तें सांगतों. न्यायासनावर अर्थात् आमच्या सौभाग्यवती होत्या.

'दाही' हें एका जुन्या राजाचें नांव. आल्प्स पर्वतांत वीज पडून तो मेला अशी दंतकथा आहे. उच्चार सोपा, नाद गोड. पण सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्याकडे आला म्हणजे पोरें त्याला दहीच म्हणतील, आणि मी अंगणांतून हांक मारली तर आळींतल्या बायका वाटी घेऊन येतील." तें बाजूला पडलें.

'फीअक्रा' हा सातव्या शतकांतील आयरिश साधु. तो फ्रान्समध्यें गेला, तेथें त्यानें मळा फुलविला, आणि आज तो माळ्यांचा संत मानला जातो. पॅरिसमधील भाड्याच्या घोडागाड्यांना त्याच्याच नांवावरून 'फिआक्र' म्हणूं लागले, कारण सतराव्या शतकांत त्या ज्या वाड्यापुढें उभ्या राहत तो वाडा त्याच्या नांवाचा होता. मला हें नांव फार पसंत पडलें. पण त्याचा संबंध डोमकावळ्याच्या आयरिश नांवाशीं जोडतात, हें मीं भोळेपणानें सांगून टाकलें. कावळा शिवण्याची आठवण बारशाच्या दिवशीं कोणाला हवी? तेंहि गेलें.

'ओशीन' म्हणजे हरणाचें पाडस. अर्थ ऐकून सौभाग्यवतींचा चेहरा खुलला. पण त्यांनीं त्याची गोष्ट विचारली आणि मला ती सांगावी लागली. ओशीन हा फिन नांवाच्या वीराचा मुलगा. एक सुंदर स्त्री त्याला घोड्यावर बसवून समुद्रापलीकडील चिरतारुण्याच्या देशांत घेऊन गेली. तेथें तो सुखांत राहिला. पण घरच्या माणसांच्या ओढीनें परत आला, तों इकडे तीनशें वर्षें लोटलीं होतीं. ओळखीचें एकहि माणूस उरलें नव्हतें. घोड्यावरून पडून त्याचा पाय मातीला लागला आणि तो तत्क्षणीं जख्ख म्हातारा झाला. गोष्ट संपल्यावर सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "परदेशीं गेलेलें पोर परत येतें तेव्हां आपलीं माणसें उरलेलीं नसतात, ही गोष्ट नातवाच्या नांवाबरोबर रोज कशाला उच्चारावयाची?" श्रोतेहो, ज्यांचीं मुलें सातासमुद्रापलीकडे आहेत त्यांना या वाक्यावर भाष्य नको.

राहिलीं दोन, ताइग आणि सेनन. 'ताइग' म्हणजे कवि. एके काळीं हें इतकें सर्वसाधारण होतें कीं आपण सोम्यागोम्या म्हणतों त्या अर्थीं आयरिश भाषेंत 'बाजारांतला ताइग' म्हणत. उत्तर आयर्लंडांत याच नांवाचा अपभ्रंश शिवीसारखा कॅथॉलिक लोकांवर फेंकला गेला. जावईबापूंच्या मनांत तो सल होता. शिवाय उद्यां इंग्लंडांत नोकरी लागली तर शाळेंत हें नांव कोण धड वाचणार, अशीहि त्यांना धास्ती होती. मला हीं दोन्ही कारणें पटलीं नाहींत. दुसऱ्यांनीं शिवी केली म्हणून नांव टाकावयाचें, आणि मास्तराला वाचतां येत नाहीं म्हणून मुलानें बदलावयाचें, तर केरूला हंसणारा मी बरोबर होतों असें होईल. मीं तसें स्पष्ट कळविलें. तेव्हां ताइग शेवटपर्यंत रिंगणांत होता, हें मी त्याच्या मानासाठीं नमूद करून ठेवतों.

निकाल लावला तो किलरशच्या विहीणबाईंनीं. दूरध्वनीवर बोलतांना मुलगी मध्यें दुभाषी होती. किलरशसमोर शॅननच्या मुखांत स्कॅटरी नांवाचें बेट आहे. तेथें सहाव्या शतकांत संत सेनन यानें मठ स्थापन केला. जुन्या देवळांचे अवशेष आणि एक उंच गोल मनोरा अजून उभा आहे. बेटावरचीं माणसें नदींतून जहाजें आंत आणणारीं वाटाडीं होतीं. विहीणबाईंचें आजोळ त्या बेटावरचें. त्यांच्या मामाचें नांव सेनन. १९७८ सालीं शेवटचे रहिवासी बेट सोडून निघून आले, आणि आतां तेथें कोणी राहत नाहीं. विहीणबाई म्हणाल्या, "घरें पडलीं, पण नांव घेऊन येतां येतें." मुलीनें हें वाक्य मराठींत सांगितलें तेव्हां सौभाग्यवतींनीं माझ्याकडे पाहिलें. प्रश्न तेथेंच सुटला. हें नांव क्लेअर परगण्यांत परिचित, बाहेर विरळा; त्याच्या मागें एक संत, एक बेट आणि एक मामा उभे आहेत. आणखी काय पाहिजे?

पण मास्तराचा स्वभाव! नांवाचा अर्थ पाहिला. जुन्या आयरिश भाषेंत 'सेन' म्हणजे जुना, वृद्ध. त्यावरून लडिवाळपणें सेनन. आणि संस्कृतांत 'सन' म्हणजे पुरातन. आपल्या 'सनातन' शब्दांत तें अजून बसलेलें आहे. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, आणि शाळांतून आपण ऐकतों तो 'सीनियर' हाहि त्याच घराण्यांतला. १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एक असावा असें सांगतांना केल्टिक भाषेचाहि त्या कुळांत उल्लेख केला होता. जोन्स यांचे वडील वेल्श. माझ्या वडिलांचें नांव नातवाला मिळालें नाहीं खरें. पण त्यांच्या संध्येच्या पोथींतला एक शब्द समुद्रापलीकडून वेष पालटून घरीं आला, असें मला वाटलें. मी आनंदानें तें सौभाग्यवतींना सांगितलें. त्या म्हणाल्या, "अहो, आज जन्मणाऱ्या पोराला म्हातारा कसें म्हणावयाचें?" मी म्हणालों, "तान्ह्या पोराला बाबा, आप्पा, नाना, तात्या म्हणणारे आपण. आपल्याला ही शंका शोभत नाहीं." त्या हंसल्या, आणि पंचांगाच्या पानावर बाकीच्या चार नांवांपुढें फुल्या पडल्या.

मुलगा सुखरूप झाला. आयर्लंडांत जन्माची नोंद तीन महिन्यांच्या आंत करावयाची असते. इंग्लंड-वेल्समध्यें ४२ दिवसांत, स्कॉटलंडांत २१ दिवसांत. आम्ही बाराव्या दिवशींच मोकळे झालों. आत्यानें बाळाच्या कानांत नांव सांगावयाचें असतें. येथें आत्या म्हणजे जावईबापूंची थोरली बहीण, किलरशच्या शाळेंत शिक्षिका. 'कुर्र' कसें म्हणावयाचें हें तिला सौभाग्यवतींनीं चार दिवस आधींपासून दूरध्वनीवर शिकविलें होतें. तिनें तें आयरिश घशांतून इतकें खणखणीत म्हटलें कीं बाळ दचकून रडूं लागलें. मागून विहीणबाईंनीं तिच्या पाठींत जो धपाटा घातला, तो चालीच्या मानानें थोडा जोरांतच होता. आम्ही इकडे पडद्यावर पाहत होतों. सौभाग्यवतींनीं पहिली हांक मारली, "सेनन!" आणि मग आपल्या वळणानें, "सेनन्या, रडूं नको रे!" म्हणजे पहिल्याच दिवशीं त्याची संबोधन विभक्ति तयार झाली.

श्रोतेहो, परदेशीं मुलेंबाळें असलेलीं आणि याच पेंचांत सांपडलेलीं कुटुंबें आज आपल्यांत पुष्कळ असतील. त्यांना माझ्या अल्प अनुभवाच्या तीन गोष्टी सांगतों. तिकडचें विरळा नांव ठेवावयाचें तर तें पूर्वीं कोणाचें होतें हें आधीं विचारा. पुस्तकाला विचारा आणि त्याहून आधीं विहीणबाईंना विचारा. दुसरें, कागदावर ठरवूं नका. दोन्ही आज्यांना दारांतून मोठ्यानें हांक मारावयास लावा. ज्या आजीला नातवाचें नांव घेतां येत नाहीं, तिचा नातू अर्धा परका होतो. तिसरें, नांव जसें त्याच्या भाषेंत लिहितात तसेंच लिहा. वाचणाऱ्याच्या सोईसाठीं त्याची मोडतोड करूं नका. वाचणारा एकदां चुकेल, एकदां विचारील आणि मग जन्मभर बरोबर म्हणेल.

आणि एक विनंति माझ्या व्यवसायबंधूंना. आतां आपल्याहि शाळांतून दूरदूरच्या प्रांतांचीं आणि देशांचीं मुलें येतात. हजेरीपटावर जीभ अडखळेल असें नांव आलें तर हंसूं नका, आणि अंदाजानेंहि वाचूं नका. त्या मुलाला जवळ बोलवा आणि विचारा, "बाळ, तुला घरीं कशी हांक मारतात?" मीं हा प्रश्न केरूला विचारला नाहीं. माझ्या सेननला त्याचा मास्तर तो विचारो, एवढीच माझी इच्छा आहे.